अभियांत्रिकीची परवडणारी जागा

दरवर्षी बारावीचा निकाल लागला की महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी कुटुंबांतून मला एकच प्रश्न विचारला जातो. "साहेब, मुलाला इंजिनिअरिंगला घालायचे आहे, पण वर्षाला लाखाच्या पलीकडे झेपणार नाही. एखादे स्वस्त कॉलेज सांगा." हा प्रश्न मी सेवेच्या आरंभापासून ऐकत आलो आहे, आणि बराच काळ चार महाविद्यालयांची नावे सांगून मी त्याचे उत्तरही देत असे. आज तसे उत्तर देण्याचे धाडस मला होत नाही. त्याचे कारण एका गृहस्थांच्या अनुभवात आहे, आणि त्यात माझाही वाटा आहे.

हे गृहस्थ मूळचे जळगाव जिल्ह्यातले. मध्य प्रदेशातील एका औद्योगिक वसाहतीत ते अठरा वर्षे कारखान्यात नोकरी करीत होते. मुलाचा जन्म तिथला, शाळा तिथलीच. बारावीला चांगले गुण होते आणि जेईई मेनमध्ये दीड लाखाच्या आतला क्रमांक होता. त्यांनी मला फोन केला तेव्हा मी सवयीप्रमाणे महाराष्ट्रातील बऱ्यापैकी शिकवणाऱ्या आणि माफक शुल्काच्या चार महाविद्यालयांची नावे सांगितली. आपल्या राज्यात शिष्यवृत्त्याही आहेत, असेही वर सांगितले. त्यांपैकी एका महाविद्यालयात मुलाला संस्थास्तरावरील कोट्यातून प्रवेश मिळाला. उसनवारी करून पहिल्या वर्षाचे शुल्क भरले गेले. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज करायला गेल्यावर कळले की प्रवेश केंद्रीभूत प्रक्रियेतून झालेला नाही आणि महाराष्ट्राचे अधिवास प्रमाणपत्रही नाही. म्हणून अर्ज करताच येत नाही. दुसरीकडे, ज्या राज्यात ते राहत होते तेथील मुख्यमंत्री मेधावी विद्यार्थी योजनेत हा मुलगा बसत होता. २०१७ साली सुरू झालेल्या त्या योजनेत जेईईच्या पहिल्या दीड लाख क्रमांकांत येणाऱ्या, ठरावीक गुण व उत्पन्नमर्यादेत बसणाऱ्या मूल निवासी विद्यार्थ्याचे शासकीय महाविद्यालयातील शुल्क राज्य भरते. पण मूल निवासी प्रमाणपत्र त्यांनी कधी काढलेच नव्हते, आणि आता मुदतही संपली होती. वर्ष वाया जाऊ नये म्हणून मुलगा तिथेच शिकत राहिला, आणि वडिलांनी गावाकडच्या शेतातला आपला हिस्सा विकला.

मी सांगितलेली चारही नावे बरोबर होती. सल्ला मात्र चुकीचा होता. त्या कुटुंबाला गरज होती ती परवडणाऱ्या जागेची. महाविद्यालय एकच असते, पण त्यातल्या जागा अनेक दरांच्या असतात, हे मला माहीत असूनही मी सांगितले नव्हते.

हे असे का झाले, याचा थोडा इतिहास पाहणे उपयुक्त ठरेल. १८५४ साली पुण्यात सुरू झालेली आणि पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेली शाळा काय, किंवा १८९० साली सयाजीराव महाराजांनी बडोद्यात स्थापन केलेले कलाभवन काय, तंत्रशिक्षणाचा मुख्य भार या काळात राजसत्तेने उचलला होता. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ हेच धोरण राहिले. १९८३ साली वसंतदादा पाटील यांच्या सरकारने महाराष्ट्रात विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. जागा भराभर वाढल्या, आणि एरवी कर्नाटकात जाऊन देणगी भरणाऱ्या मुलांना घराजवळ शिकता येऊ लागले. पण खर्चाचा भार सरकारी तिजोरीवरून कुटुंबाच्या खिशावर आला. पुढे टी. एम. ए. पै प्रकरणात २००२ साली व इनामदार प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने खासगी संस्थांची स्वायत्तता मान्य केली. मात्र नफेखोरी व कॅपिटेशन शुल्क यांना मनाई केली. त्यातून राज्याराज्यांत शुल्क ठरवणाऱ्या समित्या आल्या. महाराष्ट्रात २०१५ साली त्यासाठी स्वतंत्र कायदाच झाला. शुल्क वाढल्यावर गरिबांना बाहेर ठेवता येईना, म्हणून केंद्राने आणि प्रत्येक राज्याने सवलतींचे थरावर थर चढवले. आज सार्वजनिक पैसा महाविद्यालयाकडे सरसकट जात नाही. तो विशिष्ट जागेवर, विशिष्ट कागदपत्रे असणाऱ्या विद्यार्थ्यामागे जातो.

परिणामी महाराष्ट्रातील एखाद्या खासगी महाविद्यालयात एकाच बाकावर बसलेले तिघे तीन वेगवेगळे शुल्क भरत असतात. पहिला अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या शुल्कमाफी योजनेतला, म्हणजे ज्याला आपण 'टीएफडब्ल्यू' म्हणतो त्या जागेवरचा. मंजूर जागांच्या ५ टक्के अधिसंख्य जागा त्या राज्यातील, ८ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलांना मिळतात. शिक्षण शुल्क पूर्ण माफ, इतर शुल्के भरावी लागतात. दुसरा राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीचा लाभार्थी. तो निम्मे शिक्षण शुल्क भरतो. तिसरा संस्थास्तरावरून आलेला. तो पूर्ण शुल्क भरतो. शिक्षक तेच, प्रयोगशाळा तीच, पदवीही तीच. २०२४-२५ पासून ८ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास प्रवर्गांतील मुलींना महाराष्ट्रात शिक्षण व परीक्षा शुल्काची १०० टक्के सवलत आहे. पण तीही केंद्रीभूत प्रक्रियेतूनच, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित खासगी विद्यापीठे वगळून.

वरच्या पायरीवरही हेच. आयआयटीचे वार्षिक शिक्षण शुल्क २०१६ साली ९० हजारांवरून २ लाख झाले आणि एनआयटींचे ७० हजारांवरून सव्वा लाख. हे आकडे पाहूनच अनेक पालक मागे फिरतात. प्रत्यक्षात अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांग विद्यार्थ्यांना ते पूर्ण माफ आहे; कुटुंबाचे उत्पन्न १ लाखाच्या आत असेल तर पूर्ण, आणि १ ते ५ लाखांच्या दरम्यान असेल तर दोन तृतीयांश माफी मिळते. उलट, कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठात अभियांत्रिकीचे शिक्षण शुल्क वर्षाला अडीच हजारांच्याही आत आहे. परंतु तेथील बहुतेक जागा पश्चिम बंगालच्या अधिवासींसाठी आहेत. देशातील सर्वांत स्वस्त चांगले महाविद्यालय ठाऊक असले, तरी आपली जागा तिथे नसेल तर त्या माहितीचा काय उपयोग?

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी कुटुंबाची अडचण इथेच सुरू होते. १९८४ सालच्या प्रदीप जैन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले होते की घटनेच्या दृष्टीने अधिवास एकच, तो भारताचा. राज्ये ज्याला अधिवास म्हणतात ते खरे तर वास्तव्य. व्यवहारात मात्र प्रत्येक राज्याची व्याख्या वेगळी आहे. शिधापत्रिका गावाकडची, मतदार ओळखपत्र नोकरीच्या गावचे आणि मुलाची शाळा तिसऱ्याच ठिकाणची, अशा घरातला मुलगा दोन्ही राज्यांच्या यादीतून सुटतो. म्हणून काही गोष्टी येथे स्पष्टपणे नमूद करतो.

महाराष्ट्राच्या प्रवेश नियमांत 'ब' प्रकारचा उमेदवार असतो. दहावी-बारावी बाहेर झाली असली, तरी स्वतः उमेदवार किंवा त्याची आई अथवा वडील महाराष्ट्राचे अधिवासी असतील आणि तसे प्रमाणपत्र असेल, तर तो राज्याच्या उमेदवारांत गणला जातो. सीमाभागातील मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्यांसाठी 'ई' हा स्वतंत्र प्रकार आहे. बेळगावकडच्या अनेकांना तो ठाऊक आहे, पण इंदूर, बडोदे किंवा हैदराबादच्या मराठी घरांना 'ब' प्रकार क्वचितच माहीत असतो. एनआयटीमध्ये मात्र अधिवास पाहत नाहीत. तेथील निम्म्या जागा गृहराज्याच्या, आणि गृहराज्य म्हणजे जेथून बारावी उत्तीर्ण झाला ते राज्य. इंदूरला बारावी केलेल्या मुलाचे गृहराज्याचे एनआयटी भोपाळचे, नागपूरचे नव्हे. जातीच्या प्रमाणपत्राबाबतही गैरसमज फार आहेत. स्थलांतर केलेल्या कुटुंबाला मूळ राज्याच्या प्रमाणपत्रावर नव्या राज्याच्या आरक्षित जागा मिळत नाहीत. केंद्रीय संस्थांत मात्र ते चालते.

याहून साधा, पण विसरला जाणारा मार्ग तंत्रनिकेतनाचा. दहावीनंतर शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका आणि त्यानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश. अकरावी-बारावीच्या शिकवणी वर्गांवरचा खर्च वाचतो आणि पदवीचे एक वर्षही कमी होते. मध्यमवर्गीय घरांत पदविकेकडे कमीपणाने पाहिले जाते. पण वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला मुलगा पदवीच्या वर्गात मागे पडलेला मी फारसा पाहिलेला नाही.

हिशेब करताना चार वर्षांचा एकूण खर्च मांडावा. समजा, दूरच्या महाविद्यालयाचे शुल्क ६० हजार आहे आणि वसतिगृह व खानावळीचे ९० हजार होतात. घराजवळच्या महाविद्यालयाचे शुल्क १ लाख असले, तरी बसच्या पासाचे १० हजार धरून ते ४० हजारांनी स्वस्त पडते. स्वस्ताईच्या भरात गुणवत्ता विसरू नये. एनबीएचे मानांकन संस्थेला नसते, शाखेला असते. तेव्हा आपल्या शाखेला ते आहे का आणि मागील वर्षी त्या शाखेच्या किती जागा रिकाम्या राहिल्या, एवढे दोन प्रश्न तरी विचारावेत. कर्ज घ्यावे लागले तर ४.५ लाखांच्या आत उत्पन्न असणाऱ्यांसाठी केंद्राची व्याजसवलत आहे. २०२४ साली आलेल्या पीएम-विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण व जामीनदार लागत नाही. पण तिथेही प्रवेश गुणवत्तेवर झालेला असावा लागतो. मागच्या दाराने घेतलेली जागा पुढचे सगळे दरवाजे बंद करते, ते असे.

हे सारे पालकांनीच शोधावे, अशी अपेक्षा करणे मला अन्यायाचे वाटते. पैसा सरकारचा, नियम सरकारचे, आणि ते समजून घेण्याचा भार मात्र कारखान्यातल्या कामगारावर. योजना जाहीर झाली की आमचे काम संपले, असे आम्ही अधिकारी मानतो. ती कोणाच्या हाती पडली नाही, याची नोंद कोणत्याच फायलीत होत नाही. माझ्या मते तीन गोष्टी फारशा खर्चाशिवाय करता येतील.

पहिली, प्रत्येक महाविद्यालयाने विकल्प अर्ज भरण्यापूर्वीच, जागेच्या प्रकारानुसार चार वर्षांचा एकूण खर्च एका पानावर जाहीर करावा. त्यात इतर शुल्के, वसतिगृह आणि अनामत रक्कमही यावी. दुसरी, अधिवास, उत्पन्न व जात यांच्या दाखल्यांची शिबिरे निकालानंतर न घेता अकरावीतच शाळेत घ्यावीत. जूनमध्ये तहसील कचेरीपुढे लागणारी रांग आणि दलालांचा सुळसुळाट यांचे मूळ वेळापत्रकात आहे. उत्पन्नाचा दाखला नव्याने लागेल, पण अधिवासाचा प्रश्न तरी दोन वर्षे आधी सुटेल. तिसरी, परप्रांतात शिकणाऱ्या मुलाने अकरावीतच एका राज्याची निवड नोंदवावी आणि दोन्ही राज्यांनी ती मान्य करावी. दोन्हीकडचा लाभ कोणालाच नको. पण एकीकडचा तरी निश्चित मिळावा. यासाठी कायदा बदलण्याचीही गरज नाही, दोन शिक्षण सचिवांचा पत्रव्यवहार पुरेसा आहे.

त्या गृहस्थांना धाकटी मुलगी होती. ती अकरावीत गेली त्या वर्षी मी स्वतः त्यांच्याबरोबर तहसील कार्यालयात गेलो आणि मूल निवासी प्रमाणपत्राचा अर्ज भरून दिला. ते तिच्या हाती पडायला दोन महिने लागले. दोन वर्षांनी त्याच राज्यातील शासकीय महाविद्यालयात तिला प्रवेश मिळाला आणि शुल्काची रक्कम राज्याने भरली. तिच्या भावासाठी विकलेली जमीन मात्र परत आलेली नाही. आता मला कोणी स्वस्त कॉलेज विचारले तर मी नाव सांगत नाही. आधी विचारतो, "बारावी कुठून? अधिवास कुठला? दाखला हातात आहे का?" लोकांना हे उत्तर टाळल्यासारखे वाटते, पण माझ्याकडे देण्यासारखे उत्तर हेच आहे, आणि ते मी उशिरा शिकलो.