घाण्याबरोबर सामताही सांगा

नेदरलँड्समध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना कोणी विचारलं, "तुमचे पूर्वज भारतात काय करत?" तर उत्तर ठरलेलं असतं : तेल गाळत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शनवार तेली. उत्तर खरं आहे, पण अर्धं आहे. आपल्यात सुतार आणि गवंडीही होते. कोकणातून मुंबईला आलेल्यांपैकी कित्येकजण पलटणीत गेले, तसे कित्येकांनी रंधा, पटाशी आणि सामता हाती धरला. पलटणीतल्यांचे फोटो भिंतीवर लागले. सुतारांची हत्यारं माळ्यावर गेली.

सामता म्हणजे लाकडाला भोक पाडायचं हत्यार. उभ्या दांडीच्या टोकाला पोलादी पातं, वर दाबून धरायची मूठ आणि दांडीला दोरीचा वेढा दिलेली कमान. एका हाताने मूठ दाबायची, दुसऱ्या हाताने कमान पुढे-मागे ओढायची, की दांडी गरगर फिरते. जाड लाकडाला गिरमिट लागे. त्याला आडवी मूठ असते आणि ते दोन्ही हातांनी पिळत आत न्यावं लागतं. अशाच मोठ्या गिरमिटाला डच सुतार 'अवेगार' म्हणतात. आपला 'गिरमिट' हा शब्द इंग्रजी 'गिमलेट'वरून आला आणि त्या गिमलेटचं मूळ भाषातज्ज्ञ जुन्या डच भाषेत शोधतात. इथले सुरिनामी शेजारी 'गिरमिट' म्हणतात तो शब्द वेगळा, तो 'ॲग्रीमेंट'चा.

हे सगळं आता का सांगायचं? कारण आम्ही राहतो त्या देशाचा इतिहास शेजारी ठेवला, की आपल्या सुतारांची किंमत कळते. ॲमस्टरडॅमचं पोर्तुगीज सिनेगॉग १६७५ साली उभं राहिलं. ब्राझीलच्या लाकडाचं त्याचं हेखाल पाहून पाहुणे थक्क होतात. पण ते सिनेगॉग बांधणारा एलियास बाउमन ज्यू नव्हता. शहरातले धंदे गिल्डांच्या हाती होते आणि १६३२ च्या नियमांपासून त्यातले बहुतेक धंदे ज्यूंना बंद होते. ज्यू मुलाला सुतारकीत उस्ताद होण्याची वाटच नव्हती. २ सप्टेंबर १७९६ रोजी ज्यूंना समान हक्क मिळाले आणि गिल्ड १७९८ साली मोडले.

त्याच १७९६ साली मुंबईत मांडवीला सामाजी हसाजी दिवेकरांनी आपलं पहिलं सिनेगॉग उभारलं. कोकणात सगळं गोड होतं असं आम्ही म्हणत नाही. तेली म्हणून आपल्याला खालचंच पान वाढलं जाई. पण ज्यू आहे म्हणून सामता हातात धरायचा नाही, असा कायदा आपल्या पूर्वजांवर नव्हता. युरोपातल्या ज्यूंना हे सांगितलं की ते चकित होतात. मग आपणच ते का झाकून ठेवतो?

काहीजण म्हणतील, आपण शिकलो, कारकून, शिक्षक, डॉक्टर झालो, आता सुतारकीची आठवण कशाला? आम्ही आयुष्यभर नर्सिंग केलं. हाडांच्या ऑपरेशनला हाताने फिरवायचं ड्रिल डॉक्टरांच्या हाती दिलं आहे. पातं हाडापलीकडे निघायच्या क्षणी हात हलका करावा लागतो. हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला शिकवावं लागतं. ज्या हातांना ही अक्कल होती, त्यांना अडाणी समजून विसरणं हा शिक्षणाचा मान नव्हे.

म्हणून आमचं मागणं साधं आहे. आई-वडिलांचं घर आवरताना गंजलेलं हत्यार दिसलं, तर भंगारात किंवा इथल्या जुन्या सामानाच्या दुकानात देऊ नका. फोटो काढा. त्याचं मराठी नाव, ते कोणी वापरलं, कुठल्या गावी, हे चिठ्ठीवर लिहून त्याला बांधा. घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच फोन करून विचारा, कारण नाव सांगणारं माणूस गेलं की सामता म्हणजे नुसती एक काठी उरते.

आणि पुढच्या वेळी मुलांना कोणी विचारलं, तर त्यांनी सांगावं : आम्ही तेली होतो, शिपाई होतो आणि सुतारही होतो.