टिकलेला ग्राहक आणि जोडलेला ग्राहक

ग्राहक वर्षानुवर्षे आपल्याकडे येतो, म्हणजे तो आपल्यावर संतुष्ट आहे, हा समज व्यापारात फार जुना आहे. खाते बंद झालेले नाही, तक्रारवहीत नोंद नाही, तेव्हा सारे आलबेल आहे असे आपण बँकेतील मंडळीही मानतो. हा समज किती फसवा असतो, हे कॅमेऱ्याच्या व्यवसायाकडे पाहिले असता स्पष्ट होते.

यंत्राबरोबर सेवाही द्यावी लागते, हे या व्यवसायाला आरंभीच उमगले होते. १८८८ साली अमेरिकेत जॉर्ज ईस्टमन यांनी पहिला कोडॅक कॅमेरा २५ डॉलरना विक्रीस आणला. त्यात १०० छायाचित्रांची फिल्म भरलेली असे. ती संपली की ग्राहकाने कॅमेराच रॉचेस्टरच्या कारखान्यात पाठवायचा; १० डॉलर आकारून छायाचित्रे तयार केली जात आणि नवी फिल्म भरून कॅमेरा परत येई. छायाचित्रण सामान्य माणसाच्या आवाक्यात आले, त्यात या सोयीचा वाटा मोठा होता.

पुढे लेन्स बदलता येणारे कॅमेरे रूढ झाले आणि ग्राहकाला धरून ठेवणारे एक वेगळेच बंधन निर्माण झाले. लेन्स कॅमेऱ्याला जोडणाऱ्या कडीला माउंट म्हणतात. निकॉनचा ‘एफ’ माउंट १९५९ मधला, तर कॅननचा ‘ईएफ’ १९८७ मधला. एका कंपनीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर थेट बसत नाही. चार-पाच लेन्स जमवलेल्या छायाचित्रकाराला कंपनी बदलायची झाल्यास सारा संच तोट्यात विकावा लागतो. म्हणून तो राहतो. कंपनी याला निष्ठा म्हणते. ग्राहकाच्या लेखी मात्र तो कित्येकदा नाइलाज असतो.

२०१२ साली निकॉनने ‘डी ६००’ हा कॅमेरा आणला. त्याने काढलेल्या छायाचित्रांत बारीक काळे ठिपके दिसतात, अशा तक्रारी लवकरच येऊ लागल्या. फेब्रुवारी २०१३ मध्ये कंपनीने दिलेला सल्ला होता तो सफाईचा: हवेच्या फुंकणीने स्वच्छ करा, भागले नाही तर सेवा केंद्रात या. ऑक्टोबर २०१३ मध्ये नवे शटर बसवलेला ‘डी ६१०’ बाजारात आला. जुन्या ग्राहकाने यातून काय समजायचे? हमीची मुदत संपली असली तरी शटर विनामूल्य बदलून देण्याची घोषणा फेब्रुवारी २०१४ मध्ये झाली. तोवर उशीर झाला होता. १५ मार्च २०१४ रोजी, जागतिक ग्राहक हक्क दिनी, चीनच्या सरकारी दूरचित्रवाणीने या तक्रारी देशापुढे मांडल्या. सेवा केंद्रातील कर्मचारी हवेतील धुरक्याला दोष देत असल्याचेही त्यात सांगितले गेले. लगेचच शांघायच्या अधिकाऱ्यांनी या कॅमेऱ्याची विक्री थांबवण्याचा आदेश दिला.

दोष कोणत्याही वस्तूत येऊ शकतो. २००५ साली अनेक कंपन्यांच्या कॅमेऱ्यांतील प्रतिमा टिपणारा भाग निकामी होऊ लागला. तेव्हा कॅनन, सोनी, निकॉन आदी कंपन्यांनी हमी संपलेल्या कॅमेऱ्यांचीही विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली. ग्राहक दोष विसरतो. दोष नाकारला गेल्याचे मात्र विसरत नाही.

किंमत आणि तंत्रज्ञान यांवरच बाजार चालतो, सेवेचे कौतुक पुस्तकापुरते, असा युक्तिवाद काही जण करतील. हौशी ग्राहकाबाबत तो काही अंशी खरा असेलही. परंतु कर्ज काढून कॅमेरा घेणाऱ्या छायाचित्रकाराचा विचार करावा. ऐन लग्नसराईत त्याचा कॅमेरा तीन आठवडे सेवा केंद्रात पडून राहिला आणि दूरध्वनीवर प्रत्येक वेळी ‘सुटा भाग आलेला नाही’ एवढेच उत्तर मिळाले, तर त्याचा हंगाम बुडतो. लग्न पुन्हा लागत नाही आणि कर्जाचा हप्ताही थांबत नाही. असा ग्राहक लेन्सच्या ओझ्यापोटी त्याच कंपनीकडे राहील. पण नवख्या मित्राने सल्ला विचारला, की दुसरे नाव सांगेल.

शिवाय बंधने कायमची नसतात. २०१८ साली निकॉन आणि कॅनन या दोघांनीही आरसाविरहित कॅमेऱ्यांसाठी नवे माउंट आणले. जुन्या लेन्स वापरण्यासाठी जोडसाधने मिळाली, तरी पुढील खरेदी कोणाकडे करायची, हा प्रश्न ग्राहकापुढे नव्याने उभा राहिला. दार उघडल्यावर कोण थांबतो, यावरूनच निष्ठा कळते.

आपल्या व्यवसायातही असे माउंट आहेत: वेतन खाते, लॉकर, गृहकर्ज, परस्पर वळते होणारे हप्ते. यांतील एक कडी २०१२ साली सैल झाली. व्यक्तींच्या बदलत्या व्याजदराच्या गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क आकारण्यास रिझर्व्ह बँकेने मनाई केली आणि कर्जदाराला दुसऱ्या बँकेत जाणे सोपे झाले. तक्रारीसाठी १९९५ पासून बँकिंग लोकपाल योजना आली, २०२१ साली तिचे एकात्मिक योजनेत रूपांतर झाले. ही व्यवस्था आवश्यकच आहे. तथापि ग्राहकाला लोकपालाकडे जावे लागणे हे शाखेचे अपयश होय.

उपाय खर्चिक नाहीत. चूक आढळताच ग्राहकाने विचारण्यापूर्वी ती सांगावी. काम केव्हा होईल याची तारीख द्यावी आणि ती पाळता येत नसेल तर आधी कळवावे. खिडकीवरील सहकाऱ्याला खरी माहिती व छोट्या चुका जागीच दुरुस्त करण्याचा अधिकार द्यावा. अन्यथा त्याला धुरक्यासारखी कारणे शोधावी लागतात. आणि ग्राहकांनीही मनातली नाराजी मनातच न ठेवता आम्हाला सांगावी. तक्रार करणाऱ्या ग्राहकाला सुधारणेची आशा असते. निमूट राहणाऱ्याने ती बहुधा सोडलेली असते.