जमीन फोडण्याआधी गावाला विचारा!



शेल नावाच्या खडकात कोंडलेला गॅस काढण्यासाठी जमिनीत दोन-तीन किलोमीटर खोल विहीर खणायची, तळाशी ती आडवी वळवायची आणि पाणी, वाळू व रसायने प्रचंड दाबाने आत सोडून खडक फोडायचा, याला फ्रॅकिंग म्हणतात. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनियात अशा एकेका विहिरीने दीड-दोन कोटी लिटर पाणी गिळले आहे. त्यातले जे वर येते ते क्षार, जड धातू आणि किरणोत्सारी रेडियम घेऊन येते.

कंपन्या म्हणतात, गॅस खोल आहे, पिण्याचे पाणी वर आहे, घाबरता कशाला? अहो, पण गॅसची विहीर त्या पाण्याच्या थरातूनच खाली जाते! तिच्या पोलादी नळीभोवतीचे सिमेंट कच्चे राहिले, की मिथेन, म्हणजे या गॅसचा मुख्य घटक, त्या फटीतून चढतो आणि लोकांच्या विहिरींत शिरतो.

पेनसिल्व्हेनियातील डिमॉक गावाने हे भोगले आहे. १ जानेवारी २००९ रोजी तिथे एका घराच्या पाण्याच्या विहिरीत मिथेनचा स्फोट झाला. राज्याच्या पर्यावरण खात्याने तिथे गॅस काढणाऱ्या काबॉट कंपनीला जबाबदार धरले. कंपनी म्हणत राहिली, मिथेन इथे आधीपासूनच होता! अखेर नोव्हेंबर २०२२ मध्ये तिच्या वारस कंपनीने न्यायालयात आरोपाला आव्हान न देता नळयोजनेसाठी १ कोटी ६० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. पाणी बिघडायला वेळ लागला नाही. दाद मिळायला जवळजवळ १४ वर्षे लागली.

अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने २०१६च्या अहवालात मान्य केले, की फ्रॅकिंगमुळे पिण्याचे पाणी बाधित होऊ शकते; टंचाईच्या भागातला पाणीउपसाही तिने धोक्यांत गणला. फ्रान्सने २०११ सालीच फ्रॅकिंगवर बंदी घातली. पेनसिल्व्हेनियाशेजारच्या न्यूयॉर्क राज्यानेही डिसेंबर २०१४ मध्ये बंदी जाहीर केली.

आणि आपल्याकडे? ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्राने तेल-वायू कंपन्यांना त्यांच्या ताब्यातील क्षेत्रांत शेल गॅस काढण्याची मुभा दिली. जानेवारी २०२० मध्ये तेल-वायूच्या शोधविहिरींना जनसुनावणीतूनच वगळले. शोधासाठी खणलेली विहीरही पाण्याच्या थरातूनच जाते, मग गावाला विचारायचे का नाही?

‘हे आपल्या दारात कुठे आहे?’ असे म्हणून गप्प बसू नका. कंपन्यांच्या नकाशावर आंध्र किनाऱ्याचे कृष्णा-गोदावरी खोरे आहे. पण शोधविहिरींना जनसुनावणीतून वगळणारा नियम साऱ्या देशाला लागू आहे. खेड्यापाड्यांत पिण्याचे पाणी मुख्यतः विहिरी आणि बोअरचेच असते. ते एकदा नासले, की आपल्या हयातीत निवळेल याची खात्री नाही.

लढून फरक पडतो. तामिळनाडूतील नेडुवासलचे शेतकरी २०१७ साली हायड्रोकार्बन (तेल-वायू) प्रकल्पाविरुद्ध उठले. फेब्रुवारी २०२० मध्ये तिथल्या विधानसभेने तंजावरसह कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात नव्या तेल-वायू विहिरींना मनाई करणारा कायदा केला.

आमच्या मागण्या:

१. शोधविहिरींसाठीही जनसुनावणी पुन्हा सक्तीची करा.

२. खोदाईआधी आसपासच्या प्रत्येक विहिरीचे व बोअरचे पाणी कंपनीच्या खर्चाने स्वतंत्र प्रयोगशाळेत तपासा. अहवाल ग्रामपंचायतीत लावा. ‘आधीपासूनच होते’ ही पळवाट बंद झालीच पाहिजे.

३. वापरायच्या रसायनांची पूर्ण यादी लोकांच्या भाषेत जाहीर करा.

४. पाणी बिघडले, तर आपला दोष नाही हे कंपनीने सिद्ध करावे. शेतकऱ्याला कोर्टाच्या पायऱ्या झिजवायला लावू नका.

५. हे सारे कायद्यात येईपर्यंत देशात कुठेही फ्रॅकिंग नको.

येत्या ग्रामसभेत या मागण्यांचा ठराव मांडा. त्याची प्रत जिल्हाधिकाऱ्यांना आणि आपल्या खासदारांना द्या, पोच घ्या. शहरातल्यांनी खासदारांना पत्र लिहून जाब विचारावा. हे पत्रक वाचून झाल्यावर शेजाऱ्याच्या हाती द्या.

गॅस दुसरीकडून आणता येतो, उन्हा-वाऱ्यापासून वीज करता येते. पाण्याला पर्याय नाही!

आपले,
पाण्यासाठी एकत्र आलेले नागरिक