एक डोंगर, चाळीस यात्रेकरू

श्रवणबेळगोळच्या पायथ्याशी चाळीस प्रवाशांची बस थांबते. समोर विंध्यगिरी आणि माथ्यावर दहाव्या शतकात चावुंडरायाने घडवून घेतलेली भगवान बाहुबलींची सुमारे ५७ फूट उंचीची अखंड पाषाणमूर्ती. सर्वांनी भाडे सारखेच दिलेले असते. परंतु प्रत्येकाची अपेक्षा सारखी नसते. सत्तरीच्या आजींना दर्शनाची ओढ असते; सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढण्याची धास्ती मात्र त्या बोलून दाखवत नाहीत. इतिहासाची आवड असलेल्या शिक्षकाला मूर्तीच्या पायाशी कोरलेला प्राचीन मराठी शिलालेख निवांतपणे पाहायचा असतो. मुलांना पायऱ्या मोजत धावायचे असते, तर त्यांच्या आईला घडीभर विसावा हवा असतो.

सहलीचा व्यवसाय करणाऱ्याची खरी परीक्षा येथेच होते. बस दुपारी पोहोचली, तर तापलेल्या खडकावर पाय ठरत नाही. तीच सकाळी लवकर पोहोचली, तर सर्वांचेच दर्शन सुखाचे होते. डोलीची चौकशी आधी केली, तर आजींना पायथ्याशी बसून राहावे लागत नाही. यासाठी फार खर्च लागत नाही. विचारपूस मात्र लागते.

भोजनाच्या बाबतीत तर अधिकच जागरूकता हवी. फलकावर ‘शुद्ध शाकाहारी’ लिहिले म्हणजे कंदमूळ वर्ज्य करणाऱ्याची सोय झाली, असे नव्हे. बस मुक्कामी पोहोचण्यापूर्वी सूर्यास्त झाला, तर रात्रिभोजनाचा त्याग केलेला प्रवासी काही न बोलता उपाशी झोपतो. तक्रार आली नाही, म्हणून व्यावसायिक निश्चिंत राहतो. पुढच्या वर्षी ते कुटुंब दुसरीकडे नाव नोंदवते आणि त्याचे कारण त्याला कधीच कळत नाही.

संघटित सहलींच्या इतिहासाचा आरंभही अशाच जाणिवेतून झालेला दिसतो. इंग्लंडमध्ये ५ जुलै १८४१ रोजी थॉमस कुक यांनी मद्यपानविरोधी चळवळीतील सुमारे ५०० लोकांना लेस्टरहून लाफबरो येथील सभेसाठी एका शिलिंगात रेल्वेने नेले. ते लोक कोण आहेत, त्यांचा नियम काय आणि त्यांना किती परवडेल, हे कुक जाणून होते. कारण ते स्वतः त्या चळवळीतील होते.

नावनोंदणीच्या वेळी चार प्रश्न पुरेसे आहेत : आहाराचा नियम कोणता, भोजनाची वेळ कोणती, चढण झेपेल का आणि या प्रवासातून मनाला काय हवे आहे? पेढीवर आलेल्या गिऱ्हाईकाला माल दाखवण्यापूर्वी त्याची गरज विचारावी, ही व्यापारी घराण्यांची जुनी शिकवण आहे. सहलीच्या व्यवसायातही तीच शिकवण उपयोगी पडते. न बोललेली गरज ओळखणाऱ्याच्या बसमध्ये पुढच्या वर्षी आजी आपल्या बहिणीलाही घेऊन येतात.