अजगराची अंडी आणि बिळाचा धडा

कोलकात्याच्या दक्षिण भागातील बेहाला या दाट वस्तीच्या उपनगरात एखाद्याने हौसेने पाळलेल्या अजगराच्या मादीने अंडी घातली, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न उभा राहतो. ही अंडी मादीच्या वेटोळ्यातच राहू द्यावी, की काढून पेटीत उबवावी? हा प्रश्न बहुधा पेटीच्या किमतीवरून सोडविला जातो. वस्तुतः त्याचे उत्तर अंड्याच्या गरजांत आणि स्थळाच्या हवामानात शोधावयास हवे.

अजगर कोणत्या जातीचा, हे प्रथम पाहिले पाहिजे. भारतीय अजगराला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सर्वोच्च संरक्षण दिले असून त्याची अंडीही त्या संरक्षणात येतात. तो घरी पाळता येत नाही. त्यामुळे त्याची अंडी परसात सापडली, तर ती हलवून उबविण्याचा अधिकार गृहस्थास नाही, वनखात्यास कळविणे एवढेच त्याचे काम. २०२२ मध्ये केरळातील कासरगोड येथे महामार्गाच्या कामाच्या जागी अजगराची मादी अंड्यांवर बसलेली आढळली, तेव्हा तेथील काम ५४ दिवस थांबविण्यात आले. घरी आढळतो तो बहुधा पश्चिम आफ्रिकेतील बॉल पायथन. अशा परदेशी प्राण्यांची व त्यांच्या पिलांची सरकारदरबारी नोंद करावी लागते.

हा जातिभेद केवळ कायद्यापुरता नाही. अजगराची मादी अंडी ऊब देऊन उबविते, असे बंगालमध्ये राहून आलेल्या लामार-पिको या फ्रेंच निसर्गसंग्राहकाने एकोणिसाव्या शतकाच्या चौथ्या दशकात पॅरिसच्या विद्वानांस सांगितले, तेव्हा त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. थंड रक्ताचा प्राणी ऊब देणार कोठून? परंतु १८४१ मध्ये पॅरिसच्या प्राणिसंग्रहालयात व्हॅलेन्सिएन या शास्त्रज्ञाने अंड्यांवर बसलेल्या मादीचे उष्णतामान मोजले, आणि ते सभोवतालच्या हवेपेक्षा अधिक भरले. पुढे १९६६ मध्ये अमेरिकन संशोधकांनी याचे कारण प्रयोगाने दाखविले. हवा ३३ अंश सेल्सियसच्या खाली गेली की मादी स्नायू आचके दिल्याप्रमाणे आकुंचित करते आणि त्यातून उष्णता निर्माण होते.

बॉल पायथनच्या मादीस ही शक्ती नाही. ती अंड्यांना घट्ट वेटोळे घालते ते मुख्यतः ओलावा राखण्यासाठी. अजगराच्या अंड्याचे कवच कोंबडीच्या अंड्यासारखे कठीण नसून चामड्यासारखे असते, व त्यातून पाणी सहज उडून जाते. मग तिच्या अंड्यांना उष्णता देते कोण? ती देते जमीन. ही मादी रानात उंदीर-घुशींसारख्या प्राण्यांनी सोडलेल्या बिळात अंडी घालते, आणि बिळातील हवा दिवसरात्र फारशी पालटत नाही. म्हणजे निसर्गाची उबवणपेटी माता आणि बीळ मिळून बनलेली आहे. पिंजऱ्यात माता आली. बीळ मात्र मागे राहिले.

पेटीत अंडी उबविण्याच्या दोन रीती रूढ आहेत. एकीत ओलसर व्हर्मिक्युलाइटमध्ये अंडी अर्धवट पुरतात. दुसरीत पाण्यावर जाळी बसवून तीवर अंडी ठेवतात. दोन्हींत हवा दमट राहते, पण दुसरीत अंडे प्रत्यक्ष ओले होण्याचा धोका कमी. उष्णतामान ३१ ते ३२ अंश ठेवल्यास सुमारे ५५ ते ६० दिवसांत पिले बाहेर येतात. अंडी उचलताना ती उलटू नयेत, म्हणून वरच्या बाजूस पेन्सिलीने खूण करावी; गर्भ कवचाच्या वरच्या भागी चिकटलेला असतो, आणि अंडे फिरले तर तो दगावू शकतो.

बेहालात खरी अडचण पुढेच आहे. उबवणपेट्या थंड प्रदेशांची गरज ओळखून घडविलेल्या. त्यांतील नियंत्रक उष्णता वाढवू शकतो, कमी करू शकत नाही. कोलकात्यात मे महिन्यात दुपारचे कमाल उष्णतामान सरासरीनेच ३५ अंशांच्या आसपास असते, आणि गच्चीखालच्या खोलीत ते त्याहूनही चढते. अशा खोलीत पेटी बंद करून ठेवली, तरी आतील अंडी तापतच राहणार. त्यात विजेचा भरवसा नाही. २० मे २०२० रोजी आलेल्या अम्फान वादळानंतर बेहालासह कोलकात्याचे अनेक भाग कित्येक दिवस अंधारात होते.

यावरून निष्कर्ष निघतो तो असा : अनुकरण करावयाचे ते यंत्राचे नव्हे, बिळाचे. खोलीचे उष्णतामान स्थिर राखता येत असेल आणि मादी धष्टपुष्ट असेल, तर अंडी तिच्याजवळच राहू द्यावी. मात्र या दोन महिन्यांत ती बहुधा अन्न घेत नाही, हे ध्यानात ठेवावे. एरवी जाळीची रीत पत्करावी. पेटी जाड थर्मोकोलची असावी, आणि तीत पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवाव्या. पाणी हळू तापते व हळू निवते, म्हणून वीज गेली तरी काही तास निभावतात. पेटी तळमजल्यावर ठेवावी, परंतु उंच ओट्यावर. कारण पावसाळ्यात बेहालाचे रस्तेच नव्हेत, घरेही पाण्यात जातात.

शेवटी एक प्रश्न उरतो, आणि तो खरे पाहता सर्वांत आधी विचारावयास हवा. सहा अंड्यांतून सहा पिले निघतील, आणि प्रत्येक पिलू वीस-तीस वर्षे जगू शकेल. त्यांना जन्मभर सांभाळणारी घरे आधी निश्चित नसतील, तर अंडी न उबविणे हाही विचारपूर्वक केलेला निर्णय होय. तो घेणे झाले तर अंडी घातल्याबरोबर घ्यावा. गर्भ वाढल्यावर तो घेणे क्रूरपणाचे ठरेल. उबविण्याची रीत कोणतीही निवडली, तरी ती दोन महिन्यांत संपते. पत्करलेली जबाबदारी संपत नाही.