विसण घालायचे राहिले

दिवाळीची साफसफाई निघाली की घरात दोन पक्ष पडतात. एक पक्ष स्टुलावर चढून काम करतो आणि दुसरा खाली उभा राहून सूचना देतो. आमच्या संगमनेरच्या घरी मी पहिल्यापासून दुसऱ्या पक्षात आहे. खिडक्यांच्या काचा मात्र आईने कधी कोणाच्या हाती दिल्या नाहीत. माझ्या लहानपणी ती त्यासाठी तांब्याचा बंब पेटवी, बादलीत कढत पाणी काढी, त्यात विसण घाली, चिमूटभर सोडा टाकी आणि जुन्या धोतराच्या फडक्याने काचा पुशी. वरून रद्दीच्या कागदाचा हात फिरला की काच आहे की नाही असा प्रश्न पडावा! बंब आता माळ्यावर गेला, पण पद्धत तीच राहिली.

ही आमची आई दोन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या बहिणीकडे, कॅनडातल्या कॅल्गरीला गेली. लेक आणि जावई दोघेही नोकरीवर. भांडी यंत्र घासते, कपडे यंत्र धुते आणि वाळवतेही यंत्रच. जन्मभर राबलेल्या बाईने करावे काय? "पाहुणीसारखी बसून असते रे," ती मला फोनवर म्हणाली. मी हसण्यावारी नेले. नेऊ नये होते.

दिवाळी आली. आईने दिवाणखान्याची मोठी काच हेरून ठेवलीच होती. त्या दिवशी सकाळी बाहेर उणे नऊ अंश. काचेवर धुळीचे ओघळ आणि त्यांवर हिमाचा पातळ पापुद्रा. आईचा हिशेब सरळ होता: थंडी जास्त, तर पाणीही जास्त कढत हवे. तिने जावयाचा कोट चढवला आणि अंगणात जाऊन पहिला तांब्या ओतला. फडके फिरवायच्या आत पाणी ओघळता ओघळता काचेवरच गोठले. दुसऱ्या खेपेला तिने उकळते पाणी आणले, विसण न घालता. टण्ण! काठापासून निघालेला तडा पार मध्यापर्यंत गेला.

बहीण संध्याकाळी दमून घरी आली. ती एकच वाक्य बोलली, "आई, कोणी सांगितले होते तुला हे नसते उद्योग करायला?" काच बदलून मिळाली, पण आई त्या घरात कशाला हात लावीनाशी झाली. चहाचा कपसुद्धा लेकीने दिला तर घ्यायचा. आठवड्याने तिने मला हळूच विचारले, "परतीचे तिकीट अलीकडे घेता येते का रे?"

मी मराठी शिकवणारा माणूस. काचेतले मला काय कळणार? म्हणून पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या एका सहकाऱ्यांना गाठले. ते म्हणाले, "काच तापली की पसरते, पण अगदी थोडी. मीटरभर काच पन्नास अंशांनी तापली, तर पुरती अर्धा मिलिमीटरही वाढत नाही. सगळी एकदम वाढली असती तर काहीच बिघडले नसते. पण काच उष्णता सावकाश पुढे नेते. पाणी पडले तो भाग पसरू पाहतो, चौकटीत बसलेला थंड काठ त्याला पसरू देत नाही. काठावर ताण येतो आणि तिथे एखादी बारीकशी कपची आधीच उडालेली असली, तर तडा तिथूनच सुरू होतो." प्रयोगशाळेतल्या चंचुपात्रांची काच साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच पसरते, म्हणून ती ज्योतीवर टिकते. जर्मनीतल्या येना गावच्या ऑटो शॉट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ही काच घडवली. खिडकीला मात्र साधीच काच असते.

घरी येताना मनात आले, हे सारे आईला ठाऊकच होते की! वीज गेली की आमच्याकडे कंदील लागे. ओगलेवाडीच्या कारखान्याचा 'प्रभाकर' कंदील एके काळी महाराष्ट्रात घरोघर होता. तो कारखाना १९१६ सालचा. त्याच्याही आधी, १९०८ साली, लोकांच्या पैशापैशाच्या वर्गणीतून तळेगावला पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला होता. कंदिलाची तापलेली काच ओल्या फडक्याने पुसायची नाही, ती निवल्यावर राखेने पुसायची, हे आईनेच आम्हांला शिकवले. पाण्याचा एक थेंब पडला तरी ती तडकते. तिथे उलटा प्रकार असतो: थेंबाखालची जागा आकसते आणि भोवतालची तापलेली काच तिला आकसू देत नाही. लोणच्याची फोडणी गार झाल्याशिवाय बरणीत ओतायची नाही, हेही तिचेच. नियम तिला पाठ होता. फक्त उणे नऊ म्हणजे किती, हे हाताला ठाऊक नव्हते. संगमनेरात दिवाळीच्या पहाटे प्रवरेवरून गार वारा येतो खरा, पण काच गोठत नाही आणि विसण घातलेले पाणी तिला सोसते.

मी रात्री फोन लावला आणि कंदिलाची आठवण दिली. आई बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "अरे, विसण घालायचे राहिले बघ." त्या महिनाभरात तिचा आवाज प्रथमच मोकळा आला. पलीकडून बहिणीने फोन घेतला. म्हणाली, "दादा, विसण तर मीही घातले नाही रे. दारातून आत आले आणि तसेच उकळते बोलले." पुढे तिला बोलवेना.

ज्यांची मुले अशा मुलुखात आहेत, त्यांच्यासाठी थोडे कामाचे सांगतो. बाहेरच्या काचा गोठणाऱ्या थंडीत धुऊच नयेत. दुपारी पारा शून्याच्या वर चढेल असा दिवस पाहावा. अगदीच नड असेल, तर कोमट पाण्यात थोडे स्पिरिट मिसळावे, म्हणजे ते लवकर गोठत नाही. फडके घट्ट पिळून घ्यावे, हातभर जागा पुसावी, लगेच कोरडी करावी आणि मगच पुढे सरकावे. मोटारीच्या काचेवरचे हिम खरवडून काढावे. तिच्यावर कढत पाणी कधीही ओतू नये.

आई ठरल्या तारखेलाच परतली, एक दिवसही अलीकडे नाही. निघण्यापूर्वी मायलेकींनी आतल्या बाजूच्या सगळ्या काचा मिळून पुसल्या. यंदा तिचे गुडघे दुखतात, म्हणून स्टुलावर मी चढलो आहे आणि ती खाली उभी राहून सूचना देते आहे. बादली मात्र आधी तिच्यापुढे ठेवावी लागते. पाण्यात बोट बुडवून ती म्हणते, "अजून थोडे विसण घाल."