कोरड्या मुलखाला पाण्याचा इतिहास नको?

हिंगोली जिल्ह्यात प्रागैतिहासिक माणसाच्या पाणथळीतल्या जगण्याचं खुलं संग्रहालय व्हावं, असं कुणी म्हटलं की आमचे एक विद्वान स्नेही ते लगेच मोडीत काढतात. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मराठवाडा जन्माचा दुष्काळी, इथं पाणथळ कुठली? गवताच्या झोपड्या उभारणं म्हणजे नाटकाचा देखावा. आपला वारसा दगडी देवळांत आहे, तेवढा पुरे. आणि नळाला पाणी नाही तिथं हे लाड कशाला? या चार मुद्द्यांवर टाळ्या हमखास पडतात, पण तपासायला घेतला तर एकही टिकत नाही.

मराठवाडा जन्माचा दुष्काळी, हे ठरवलं कुणी? आपल्यापासून फार लांब नसलेल्या लोणार सरोवराच्या तळातून अभ्यासकांनी सुमारे १० मीटर गाळ काढला आणि त्यावरून गेल्या ११ हजार वर्षांच्या पावसाचा माग लावला. २०१४ साली ते निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सुरुवातीची हजारो वर्षं पाऊस चांगला होता, मग तो ओढ देऊ लागला आणि सुमारे ४,६०० ते ३,९०० वर्षांपूर्वी दीर्घ कोरडा काळ आला. त्याच्याही कितीतरी आधीचे हत्तींचे, पाणघोड्यांचे, सुसरींचे अश्मीभूत अवशेष लातूर जिल्ह्यात मांजरेकाठी मिळाले आहेत. पाणघोडा दिवसभर पाण्यात डुंबतो. तो टँकरच्या पाण्यावर जगत नव्हता.

आता त्यांचा लाडका आक्षेप: झोपडी खोटी. म्हणजे काचेच्या पेटीतलं खापर खरं, आणि ते मडकं वापरणाऱ्याचं घर उभं केलं की ते खोटं! या युक्तिवादाचा मला मनापासून राग येतो, कारण उत्खनन जवळून पाहिलेला माणूस असं बोलणार नाही. कूड, गवत, लाकूड कुजून जातं. मागे उरतो खांबाचा खड्डा: भोवतालच्या मातीहून गडद, मऊ, थाळीएवढा गोल डाग. असे डाग एका रेषेत आले की भिंत कळते, वर्तुळात आले की झोपडी. घर जळालं असेल तर भिंतीचा लेप भाजून टणक होतो आणि त्यात काड्यांचे ठसे जसेच्या तसे राहतात. घोड नदीकाठच्या इनामगावात डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं, तिथली घरं अशाच खुणांवरून कळली. आधीची घरं ऐसपैस, चौकोनी. इसवी सनापूर्वी १००० च्या सुमारास त्यांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. पाऊस हटला, शेती आटली, शिकारीवरची भिस्त वाढली, असा अर्थ पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी लावला. हा अर्थ काचेच्या पेटीत कसा दाखवणार? दोन्ही घरं शेजारी शेजारी बांधा. सातवीतलं पोर एकात ताठ उभं राहील, दुसऱ्यात वाकून शिरेल आणि विचारेल, घर लहान का झालं?

डेन्मार्कमध्ये लायर इथं १९६४ पासून जुन्या पद्धतीची घरं बांधून पाहतात. १९६७ मध्ये त्यांनी असं एक घर मुद्दाम जाळलं आणि १९९२ मध्ये ती जागा रीतसर खणली. जळक्या घराची माती कशी वाचायची, हे कळावं म्हणून. याला नाटक म्हणायचं?

जर्मनीत बोडन सरोवराकाठी उंटरउल्डिंगन इथं १९२२ पासून पाण्यात खांबांवरची घरं उभी आहेत. त्यांची कल्पना आली ती शेजारच्या स्वित्झर्लंडमधून: १८५३-५४ च्या हिवाळ्यात तिथल्या झुरिक सरोवराचं पाणी उतरलं आणि जुने खांब उघडे पडले. पाण्यावर फळ्यांचा भला मोठा मंच आणि त्यावर गाव, असं चित्र अभ्यासक फर्डिनांड केलर यांनी तेव्हा मांडलं. पुढच्या उत्खननांत दिसलं की बरीच घरं काठच्या ओलसर जमिनीवर होती. संग्रहालयाने जुन्या कल्पनेची घरं ठेवली आणि नव्या पुराव्याची घरं जवळच बांधली. मत कसं बदललं, ते बघणाऱ्याला दिसतं. याहून प्रामाणिक मांडणी कोणती? आल्प्सभोवतीच्या सहा देशांतल्या अशा १११ वस्त्या २०११ मध्ये जागतिक वारसा यादीत गेल्या.

देवळांचा मुद्दा तर फार जुना. औंढ्याच्या नागनाथापुढे आणि नरसीच्या नामदेवांपुढे मीही हात जोडतो. पण आपला इतिहास यादवांपासूनच सुरू होतो, हा हट्ट मी वर्षानुवर्षं ऐकत आलो आहे आणि त्याची किंमत गावोगावच्या पांढरीने मोजली आहे. जुन्या वस्तीचं ते टेकाड, राखेने भुरकट झालेली माती. खत म्हणून ती ट्रॉली भरभरून शेतात जाते, खापरं चाकाखाली चुरडतात. वर कळस असता तर कुणी फावडं लावलं नसतं.

आणि नळ? नळाला पाणी हवंच. ते संग्रहालयामुळे अडलेलं नाही.

मग काय हवं? सिद्धेश्वर जलाशयाच्या काठी थोडी जागा. तिथं चौकोनी घर, गोल झोपडी, इनामगावला सापडला तसा बांध आणि पाट, मांजरेकाठचे प्राणी, लोणारच्या गाळाचा उभा थर. जे जिथं सापडलं त्या गावाचं नाव पाटीवर. हिंगोलीचं म्हणून काही खपवायचं नाही. पुरावा एका रंगात, अंदाज दुसऱ्या रंगात. कूड बांधणारे, शेणमातीने लिंपणारे, जाळी विणणारे भोई इथलेच, आणि दर पावसाळ्यानंतरच्या डागडुजीचं कामही त्यांच्याच हाती.

आमच्या स्नेह्यांनी कोणत्या खांबाला पुरावा नाही ते दाखवावं, तो खांब काढू. पण ‘इथं पाणी नव्हतंच’ हे पालुपद आता बंद व्हावं. दुष्काळ नशिबातच आहे असं एकदा मानलं की ओढे बुजवताना आणि तळ्यात प्लॉट पाडताना कुणालाच काही वाटत नाही. ही समजूत मोडायची आहे, म्हणून हे संग्रहालय हिंगोलीतच हवं.